कच्च्या मूर्ती, पांढऱ्यावर पांढरं: चित्र फिकं पडलंय की उजळ आहे?

कोरा_कागद (रविवार, रात्री १०:१५)

मंडळी, एक शंका आहे आणि तिच्यात थोडी तक्रारही मिसळली आहे, सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात पेणजवळ हमरापूरला जाऊन आले. गणपतीचे कारखाने बघायचे होते. रंगवलेल्या मूर्ती आपण दरवर्षी बघतोच, पण तिथे शेडमध्ये, अंगणात, फळ्यांवर, जिथे जागा मिळेल तिथे कच्च्या मूर्ती मांडलेल्या असतात. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: साच्यातून काढलेली, शिवणी घासलेली, पण रंग न चढवलेली ती कच्ची मूर्ती. ना पितांबर, ना मुकुटाचं सोनं, ना डोळ्यांची आखणी.) नुसतं पांढरं. शंभरेक सोंडा, दोनशे कान, सगळं पांढरं, खालच्या जमिनीवरही प्लास्टरची भुकटी. मी तिथेच पाव ताव कागदावर जलरंगात चित्र केलं. दोन तास लागले. मूर्तींच्या रांगा आणि कडेला पॉलिश पेपर घेऊन घासत बसलेला एक कारागीर. मला बरं वाटलं होतं हो ते चित्र.

रविवारच्या वर्गात नेलं. सरांनी (नाव घेत नाही, माणूस चांगला आहे) दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाले, "फिकं पडलंय. काळं मार, उठाव येईल." घरी आले, फोनवर तिथला फोटो उघडला, तर खरंच फोटोत मूर्तींच्या सावल्या चांगल्या राखाडी दिसत होत्या. मग अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून मारलं काळं. सोंडेखाली, कानामागे, रांगांच्या मध्ये. कारागिराचे केस तर काळेकुट्ट.

उठाव आला. पण ऊन गेलं. आता ते चित्र पावसाळ्यात भिजलेल्या पुतळ्यांचं दिसतंय.

तर प्रश्न असा: गडद छटा जवळजवळ न वापरता, वरच्याच उजळ छटांत चित्र पूर्ण करता येतं का? की ते नेहमी "फिकं"च दिसणार? फिकं आणि उजळ यांत फरक नेमका कुठे पडतो? आधीच्या चित्राचा फोटो काढला नव्हता, ही दुसरी तक्रार.

दुपारची_झोप (रविवार, रात्री १०:४०)

वाखूसा (वाचनखूण साठवली). मलाही हवंय हे.

खडू_फळा (सोमवार, सकाळी ६:२०)

बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे "काळं मार" म्हणणाऱ्यांत मीही मोडतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं बसवायची असली की वस्तुचित्रात सावली ठळक करायला सांगावंच लागतं. नाहीतर पोरं तांब्याला बाहेरून रेघ मारतात, आत सपाट रंग भरतात आणि उठतात. तो सल्ला नवशिक्यांपुरता ठीक आहे. तुमच्या विषयाला तो चुकीचा पडला.

आधी एक पट्टी करा. जाड कागदाचा बोटभर रुंद तुकडा घ्या, त्यावर कोऱ्या पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ चौकोन. वर्गात आपण हे सगळ्यांनी केलंय आणि सगळ्यांनी कंटाळत केलंय. मग कात्री घ्या आणि वरचे चार चौकोन कापून वेगळे काढा. बाकीचे पाच ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावा. आता हातात राहिलेल्या चार चौकोनांच्या मध्ये अजून तीन-तीन चौकोन भरा. इथे घाम फुटतो. पांढरा आणि त्याच्या खालचा यांच्यामध्ये तीन वेगळ्या छटा बसवायच्या म्हणजे पाणीदार ताकात अजून किती पाणी घालू, असा हिशेब होतो.

आता थोडं शास्त्र. मन्सेल नावाचा अमेरिकेतला एक चित्रकार आणि कलाशिक्षक होता. त्याने छटांना शून्य ते दहा असे आकडे दिले, शून्य म्हणजे काळा, दहा म्हणजे पांढरा. डोळ्याला या पायऱ्या सारख्या उंचीच्या वाटतात. प्रकाशाच्या हिशेबाने मात्र त्या मुळीच सारख्या नाहीत. बरोब्बर मधली पाचवी पायरी पडणाऱ्या उजेडापैकी जेमतेम २० टक्के परत फेकते. सहावी सुमारे ३०, सातवी ४३, आठवी ५९, नववी ७९ टक्के. म्हणजे खालचा अर्धा जिना उजेडाच्या पाचव्या हिश्श्यात उरकतो आणि उरलेला सगळा उजेड वरच्या अर्ध्यात आहे. म्हणून वरच्या टोकाला हात इतका नाजूक लागतो. खाली ब्रशभर रंग जास्त पडला तरी फारसं बिघडत नाही, वर एक थेंब जास्त झाला की पायरी ओलांडली.

आता तुमचा दुसरा प्रश्न, फिकं आणि उजळ. फिक्या चित्रात छटा ठरवलेल्याच नसतात, सगळं अंदाजे पाणी घालून पातळ केलेलं असतं. उजळ चित्रात प्रत्येक पृष्ठभागाची पायरी ठरलेली असते, पायऱ्या फक्त जवळजवळ असतात. वरचं आणि बाजूचं अंग यांत अर्ध्या पायरीचा फरक असला तर तो चित्रभर अर्ध्याच पायरीचा राहिला पाहिजे. एका मूर्तीला अर्धी आणि शेजारच्या मूर्तीला दीड असं झालं, की बघणाऱ्याला ऊन कळत नाही, नुसता पांढरट गोंधळ दिसतो.

एक विचारतो. त्या कारागिराचे केस खरंच काळे होते का?

कोरा_कागद (सोमवार, सकाळी ९:०५)

सर, तुम्ही तर अख्खा तास घेतलात! पट्टी आज रात्रीच करते. केस... काळेच असणार ना? तिशीतला मुलगा होता.

खडू_फळा (सोमवार, सकाळी ९:३०)

"असणार" नको. बघून सांगा.

समईचा_उजेड (सोमवार, दुपारी १:१०)

जरा वेगळं मत मांडतो. उजेड दाखवायचा तर अंधार लागतोच. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र आठवा, 'ग्लो ऑफ होप'. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं. अर्ध्या लोकांना ते रविवर्म्याचं वाटतं, तो वेगळा राग आहे. सावंतवाडीच्या माणसाने ते जलरंगात केलंय, तेलरंगात नाही! ज्योत हाताआड झाकलेली, बोटांतून लाली झिरपतेय, चेहऱ्यावर उजेड चढलाय. मागचा काळोख काढून टाका, काय उरेल? तुमचे सर अगदीच चूक नव्हते. डोळा शेवटी तुलनाच करतो.

उत्तरेकडची (सोमवार, रात्री ११:५०, माझ्याकडे दुपार)

समईकाका, उदाहरण सुंदर आहे, पण ते काळोख्या खोलीचं आहे. तिथे उजेड एकाच ठिकाणाहून येतो आणि बाकी सगळं तो उजेड गिळून टाकतं. भर उन्हात, पांढऱ्या वस्तूंच्या गर्दीत नेमकं उलटं घडतं.

मी चौदा वर्षं मिनेसोटात आहे. पहिल्या हिवाळ्यात बर्फ रंगवायला बसले तेव्हा सावल्यांना राखाडी लावली आणि चित्रातला बर्फ सिमेंटसारखा झाला. खिडकीतून नीट बघितल्यावर कळलं की सावली काळी नाहीच. तिच्यावर सूर्य पडत नसला तरी अख्खं आकाश पडतंय, म्हणून ती निळी. आणि चहूबाजूंचा बर्फ तिच्यात उजेड ओततोय, म्हणून ती गडद होऊच शकत नाही. ताईच्या मूर्तींचंही हेच. एका मूर्तीची सावलीतली बाजू शेजारच्या मूर्तीच्या उन्हातल्या बाजूकडे तोंड करून उभी आहे. शेजारीण पांढरी, अंगावर पडलेला बहुतेक उजेड ती परत फेकते. मग सावली काळी राहील कशी?

फ्रेंच चित्रकार मोनेचं 'मॅग्पाय' बघा, १८६८-६९ च्या हिवाळ्यात केलेलं. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. बर्फ, बर्फाने झाकलेलं कुंपण, कुंपणाच्या निळसर सावल्या, आणि कुंपणाच्या फाटकावर बसलेला एक काळा-पांढरा पक्षी. १८६९ च्या सालोंने (पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनाने) ते नाकारलं. सावल्या निळ्या असतात हे तेव्हाच्या लोकांना पचायचं होतं! चित्रात झाडांचे बुंधे वगैरे आहेत, पण लक्ष जातं ते पक्ष्याकडे. तो झाकून बघा (फोनवर अंगठा ठेवून), बर्फ लगेच थोडा मऊ पडतो.

आणि अमेरिकन चित्रकार व्हिसलरची 'व्हाइट गर्ल'. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत तिच्यासमोर मी इतका वेळ उभी होते की नवरा कॅफेत जाऊन परत आला. पांढरा झगा, मागे पांढरा पडदा, बाई पूर्ण उंचीची. झग्याचं पांढरं पिवळसर दुधासारखं, पडद्याचं थंड. दोन्हींच्या उजळपणात फरक थोडाच, पण उष्ण आणि थंड यांचा फरक इतका स्पष्ट की बाई पडद्यापासून सुटून पुढे येते. तांबडे केस, पायाखालचं जनावराचं कातडं, बस्स. हेही १८६३ मध्ये सालोंने नाकारलं आणि नाकारलेल्यांच्या प्रदर्शनात लागलं. नाकारलेल्यांची यादी बघता ताई, तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

स्पष्टवक्ता_१ (मंगळवार, सकाळी ८:००)

पण मुळात प्लास्टरच्या मूर्ती कशाला रंगवायच्या? शाडूच्या रंगवा. पर्यावरणाचं काय?

दुपारची_झोप (मंगळवार, सकाळी ८:०४)

त्यासाठी दुसरा धागा आहे, तिथे साडेतीनशे प्रतिसाद झालेत. इथे तो न संपणारा वाद नको. (तसंही शाडू वाळला की राखाडी दिसतो, मग धाग्याचा विषयच बुडेल.)

अॅपर्चर_अण्णा (मंगळवार, रात्री ९:१५)

गुन्हेगार मला पहिल्याच पोस्टमध्ये सापडला होता, कोणी बोलतंय का म्हणून वाट पाहत होतो. फोटो!

ताई, तुम्ही जागेवर डोळ्यांनी बघून उजळ चित्र केलंत. घरी येऊन फोटो बघून ते काळं केलंत. पण कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही. त्याचा मीटर असं धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरीने मधल्या करड्या रंगाचं आहे. आम्ही फोटोवाले जे १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड वापरतो ना, तेच ते, सरांच्या पाचव्या पायरीच्या शेजारचं. समोर शंभर पांढरे गणपती आले की बिचारा घाबरतो, फार उजेड झाला म्हणतो आणि सगळं ओढून करड्याकडे नेतो. बर्फाचे फोटो मळके येतात ते यामुळेच. हल्लीचे फोन जरा शहाणे झालेत, पण सगळं दृश्यच पांढरं असलं की तेही चुकतात. म्हणजे फोटोत दिसलेल्या राखाडी सावल्या हमरापूरच्या नव्हत्याच, फोनच्या होत्या.

उपाय सोपा आहे. फोनवर मूर्तीवर बोट टेकवा, शेजारी छोटा सूर्य दिसेल, तो वर सरकवा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर +१, कधी दीड. मात्र इतकंही नको की मूर्तीचं वरचं अंग जळून सपाट होईल, तिथे काही छटाच उरत नाही.

चित्राचा फोटो काढतानाही हेच लक्षात ठेवा, नाहीतर इथे चढवलेलं प्रत्येक उजळ चित्र धुरकट दिसतं आणि लोक म्हणतात, काळं मारा.

आणि चित्र कृष्णधवल करून तपासायची जी सवय सगळ्यांना लागलीय, ती इथे अर्धीच कामाची. छटा कळतात, पण उत्तरेकडच्या ताई म्हणतात तो उष्ण-थंडचा खेळ पुसला जातो. उजळ चित्रात अर्धा संसार त्याच खेळावर चालतो.

भाताची_पेज (मंगळवार, रात्री १०:२०)

बाळबोध प्रश्न: मग वारली चित्रं उजळ छटांतलीच ना? तांदळाच्या पिठाचं पांढरंच तर असतं.

खडू_फळा (बुधवार, सकाळी ६:१०)

नाही. गेरूच्या भिंतीवर पांढरं म्हणजे भरपूर विरोध, दोनच छटा आणि त्याही लांब लांब. लांबून ओळखू येतं ते म्हणूनच. इथे विषय आहे जवळजवळच्या छटांचा. प्रश्न बाळबोध नाही, माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारायचं.

एचबी_नको (बुधवार, दुपारी ३:४०)

रंगवाल्यांनी धागा पळवला, पेन्सिलवाल्यांचं काय?

मी फक्त रेखाटन करते आणि वर्षभर एकच नियम पाळलाय: एचबीच्या पुढे, म्हणजे बीकडे (मऊ, गडद पेन्सिलींकडे) जायचं नाही. २एच, एच, एफ, संपलं. पहिले दोन महिने हात शिवशिवायचा ६बी साठी. मग सवय झाली. दाब देऊन गडद करायचा मोह मात्र मोडायला हवा. ४एच दाबून चालवली की रेघ गडद होत नाही, कागदात चरा पडतो, आणि तो खोडरबराने जात नाही. हलक्या हाताने, वेगवेगळ्या दिशांनी, तीन-चार थर. फ्रेंच चित्रकार अॅंग्रच्या रोममधल्या पेन्सिल-पोर्ट्रेट्स बघा, चेहरा किती कमी शिशात उभा केलाय. कपडे तर नुसत्या चार रेघा.

त्याहून मजेची गोष्ट सांगते. सोनाराकडून चांदीची जाड तार आणली, क्लच पेन्सिलीत बसेल इतकी, आणि टोक पॉलिश पेपरवर गोल केलं. साध्या कागदावर ती उमटत नाही. जाड कागदावर पांढऱ्या गॉशचा (अपारदर्शक जलरंगाचा) पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचं, मग तार चालवायची. करडी, केसासारखी रेघ येते. आणि गंमत अशी की कितीही दाबा, ती एका मर्यादेपुढे गडद होतच नाही! काळं मारायची सोयच नाही. खोडताही येत नाही. काही महिन्यांत चांदी काळवंडते तशी रेघ हळूहळू तपकिरी होते. जर्मन चित्रकार ड्यूररने तेराव्या वर्षी, १४८४ मध्ये, आरशात बघून स्वतःचं चित्र केलं ते याच पद्धतीने. व्हिएन्नाच्या अल्बर्टिनात आहे. तेरा वर्षं! माझा भाचा तेराचा आहे, असो.

आमच्या सोनाराला अजून वाटतं की मी नथ करतेय.

ओला_ब्रश (बुधवार, रात्री ९:००)

जलरंगाबद्दल एक भांडण लावून जातो. पांढरा रंग वापरायचा नाही. कागद हाच पांढरा. ताईंच्या चित्रात सगळ्यात उजळ जागा कोऱ्या राहिल्या पाहिजेत, आधीच ठरवून. आणि लक्षात ठेवा, जलरंग वाळल्यावर फिका होतो. ओला असताना बरोब्बर वाटलेला वॉश (पातळ रंगाचा हात) वाळला की अर्धी पायरी वर गेलेला असतो. बाकीच्या चित्रात हे चालून जातं, इथे अर्धी पायरी म्हणजेच सगळं काही. शेजारी त्याच कागदाचा कपटा ठेवा, आधी त्यावर लावा, वाळू द्या, मग चित्रावर.

कागदाचं पांढरंही एकसारखं नसतं. झेरॉक्सचा कागद निळसर झाक मारतो, ती उजळवणाऱ्या रसायनाची करामत, काही वर्षांत पिवळा पडतो. सुती कागद बहुधा किंचित साईच्या रंगाचा. बदामी कागदावर तर तुमची वरची पायरी सुरुवातीलाच कापली गेली.

गॉशवाली (बुधवार, रात्री ९:२५)

"वापरायचा नाही" कोणी ठरवलं? जस्ताचा पांढरा, चायनीज व्हाइट, लंडनच्या विन्सर अँड न्यूटनने १८३४ मध्ये जलरंगासाठीच बाजारात आणला. लोक तेव्हापासून तो वापरतायत. फक्त टायटॅनियम आणि जस्त यांतला फरक ओळखा. टायटॅनियम झाकतो, जास्त घातला की सगळं खडूसारखं होतं. जस्ताचा अर्धपारदर्शक, मिश्रणात रंगाचा जीव घेत नाही. प्रत्येक रंगात पांढरा ढकलून "उजळ" करणं हा आळस, तिथे मी तुमच्या बाजूची. पण कोऱ्या कागदाचं सोवळं मला नको.

तेलरंगात हेच स्पॅनिश चित्रकार सोरोयाकडे बघा. 'शीड शिवताना' हे १८९६ चं चित्र. अर्ध्या कॅनव्हासभर नुसतं शिडाचं पांढरं कापड आणि त्यावर झाडांतून पडलेलं ऊन. त्या पांढऱ्यात जांभळं, निळं, हिरवं, पिवळट, सगळं आहे, निव्वळ पांढरं फार थोडं.

ओला_ब्रश (बुधवार, रात्री ९:३१)

सोवळं म्हणा, पण वाळल्यावर माझा कागद चमकतो.

गॉशवाली (बुधवार, रात्री ९:३२)

आणि पावसाळ्यात बुरशीही त्याच्यावरच दिसते.

ओला_ब्रश (बुधवार, रात्री ९:४०)

हे मात्र खरं. गडद चित्रावर बुरशीचा ठिपका लपतो, उजळ चित्रावर तो तीळ होऊन बसतो. शिवाय दमट कपाटात ठेवलेल्या कागदाचं साइझिंग (कागदाला दिलेली खळ) जातं आणि वॉश डागाडागाने शोषला जातो. कोकणातल्यांनी कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कोरड्या जागी.

शिक्का_मोर्तब (गुरुवार, दुपारी १२:१५)

मी मुद्राचित्रण (ठशांवरून चित्रं छापणं) करतो. सोमनाथ होरांचं नाव अजून आलं नाही म्हणून लिहितोय. सत्तरच्या दशकात शांतिनिकेतनात त्यांनी 'वुंड्स' मालिका केली. मातीच्या पाट्यावर जखमा केल्या, त्यावरून साचा घेतला आणि त्यात कागदाचा लगदा दाबला. शाई जवळजवळ नाहीच. पांढऱ्या कागदावर पांढरे ओरखडे, भेगा, उकललेली कातडी. बाजूने उजेड पडला तरच दिसतं. चितगावचा माणूस, १९४३ चा बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी बघितलेला. उजळ छटा म्हणजे प्रसन्न, गोड, सकाळचं दव, असं काहीतरी आपण धरून चालतो. या मालिकेसमोर उभं राहिलं की ते गळून पडतं.

छापील पुस्तकात ही चित्रं बघू नका, काही कळणार नाही. छपाईत दोन-तीन टक्क्यांचा ठिपका उडून जातो आणि कोरं पान उरतं. बडोद्याच्या नसरीन मोहमदींच्या पेन्सिल-शाईच्या रेघांचं पुस्तकात तेच होतं. संधी मिळाली तर प्रत्यक्ष बघा.

समईचा_उजेड (गुरुवार, रात्री ८:०५)

होरांबद्दल वाचून गप्प बसलो होतो. माझं मत फार बदललेलं नाही. पण त्या मालिकेतही बाजूने पडणारी सावली हाच अंधार आहे ना, फक्त तो चित्रकाराने न लावता खोलीतल्या दिव्याने लावलाय? विचार करतोय.

कोरा_कागद (रविवार, रात्री ११:३०)

आज परत जाऊन आले. पट्टी घेऊन! वरच्या चार चौकोनांची, मधल्या छटा भरलेली (तीन संध्याकाळी गेल्या, दोनदा कागद फाडला). हात लांब करून, एक डोळा मिटून, पट्टी मूर्तीसमोर धरत होते तर कारखान्याच्या मालकांना वाटलं मी मापं घेतेय. ऑर्डर किती नगांची, म्हणून विचारलं.

सापडलं ते सांगते. मन्सेलच्या आकड्यांत, उन्हातलं अंग नऊच्या वर. सावलीतलं अंग मी घरी पाचच्याही खाली नेलं होतं, ते जागेवर साडेसातच्या आसपास आहे. दोन रांगांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत सात. सोंड पोटाला टेकते तिथल्या घडीत फक्त सहा, तीही नखाएवढी जागा. आणि रंग! शेडवर निळी ताडपत्री आहे, तिच्या खालच्या मूर्तींची वरची अंगं निळसर. समोर उघड्या विटांची भिंत, तिच्याकडे तोंड केलेल्या मूर्तींचे गाल गुलाबी-पिवळे. पहिल्या वेळी मी हे बघितलंच नव्हतं, सगळ्याला एकच "पांढऱ्याची सावली" लावली होती. म्हणजे पहिलं चित्र थोडं फिकंही होतं, सरांना दोन सेकंदांत काहीतरी दिसलं होतं. औषध मात्र दुसरं हवं होतं.

या वेळी सावल्यांना सेरुलियन (निळा) आणि पर्मनंट रोज (गुलाबी) यांचा अगदी पातळ वॉश, भिंतीकडच्या बाजूला रॉ सिएना (पिवळसर तपकिरी). राखाडी मिसळलीच नाही. शेडच्या मागचं काळं दार आधी चित्रात होतं, मी स्टूल दोन हात सरकवून ते बाहेर काढलं. पांढरा रंग वापरला का? एका कानाच्या कडेला, जस्ताचा, ओला_ब्रश यांनी बघून न बघितल्यासारखं करावं.

उत्तरेकडच्या ताई, अंगठ्याचा प्रयोग कारागिरावर केला. तो झाकला की मूर्ती किती मोठ्या आहेत तेच कळत नाही. म्हणून तो ठेवलाय.

खडू_फळा (सोमवार, सकाळी ६:१५)

आणि केस?

कोरा_कागद (सोमवार, सकाळी ७:४०)

सर, साडेपाच. सकाळपासून घासत बसलेला, डोक्यावर, भुवयांवर, पापण्यांवर भुकटी. काळे केस फक्त कानामागे दिसत होते, बोटभर. मी त्याला म्हटलं, मागच्या वेळी तुझे केस काळे रंगवले होते. तो म्हणाला, "मॅडम, ते सुट्टीच्या दिवशी, अंघोळीनंतर."

घरी येऊन आरशात बघितलं तर माझेही साडेपाचच.

अॅपर्चर_अण्णा (सोमवार, सकाळी ८:०२)

फोटो चढवा आता. माझं +१ आहेच, कॅमेऱ्याचंही +१ विसरू नका.